अंडी अंगी का लागत नाहीत

“अंडी देऊनही बायांच्या अंगात रक्त का वाढत नाही, हे तू मला सांगतोयस की विचारतोयस?”

डॉक्टर निरंजन दाभोळे हसला.

“सांगतोय, बाबा.”

“मग सांग.”

गुलाबशा फकिराचा तकिया, म्हणजे त्याची राहायची झोपडी, सातपुड्याच्या पायथ्याशी, पाड्यापासून हाकेच्या अंतरावर होता. नवशिका डॉक्टर म्हणून निरंजन इथल्या सरकारी दवाखान्यात आला, तेव्हापासून तो या म्हाताऱ्याला गुरू मानून त्याच्या पायाशी बसत आलेला. तेव्हा तो प्रश्न घेऊन यायचा. पुढं मोठ्या संस्थेत गेला, नावामागे पदव्यांचं शेपूट लागलं, आणि उत्तरं घेऊन येऊ लागला. फकिराला दोन्ही सारखंच. तो ऐकून घ्यायचा.

अंगणवाडीतून पाड्यावरच्या गरोदर बायांना अंडी मिळत. बाळंतपणात बाया दगावू नयेत, पोरं अशक्त निपजू नयेत, म्हणून. आणि त्या अंड्यांचा काही उपयोग होतो का, हे पाहायला निरंजन वर्षभर घरोघर फिरून बायांचं रक्त तपासत होता.

“अंगी लागत नाहीत,” तो म्हणाला. “अंडी घरात जातात, संपतात. रक्त आहे तिथंच. उद्या शहरात बैठक आहे. तिथं मी स्पष्टच मांडणार, अंडी बंद करा आणि तो पैसा गोळ्यांवर घाला.”

“बंद होतील?”

“माझ्या शब्दावर होतील.”

हे म्हणताना डॉक्टरसाहेबांची मान जरा ताठ झाली. व्हायचीच. वर्षभर ऊन खाल्लं होतं त्यानं, आणि त्याच्या शब्दाला शहरात वजन होतं, हेही काही खोटं नव्हतं.

फकिरानं त्याच्याकडं पाहिलं.

“खाताना पाहिलंस?”

“कुणाला?”

“बायांना.”

“बाबा, आम्ही विचारतो. अंडी मिळतात का? मिळतात. उरतात का? नाही उरत. पद्धत असते याची. प्रत्येकीच्या ताटापुढं जाऊन कोण बसणार?”

“हां… कोण बसणार.”

तेवढ्यात जोमी आली. पाड्याच्या टोकाचं घर तिचं. दिवस भरत आले होते, पण पोटाखेरीज अंगावर मांस म्हणून नव्हतं. सकाळीच निरंजननं तिच्या हातातून रक्त काढलं होतं, आणि शीर सापडेना म्हणून पुन्हा टोचलं होतं. मागच्या खेपेचं मूल तिच्या हाती लागलं नव्हतं. हे तरी लागावं म्हणून ती सुई दिसली की मुकाट्यानं हात पुढं करायची.

तिनं झाकलेली थाळी निरंजनपुढं ठेवली.

“सासूनं पाठवलं. साहेब जेवल्याबिगर जाऊ नये, म्हणते.”

थाळीत ज्वारीची भाकर, ठेचा आणि दोन उकडलेली अंडी. फकिरासाठी वेगळ्या फडक्यात भाकर होती, तिच्यावर फोडलेला कांदा. जोमी थाळी परत न्यायची म्हणून जरा लांब, पाठ करून बसली.

निरंजनला कडकडून भूक लागली होती. त्यानं एक अंडं सोललं, मीठ लावलं आणि तोंडात टाकलं.

“ही माणसं खाऊ घालताना हात आखडत नाहीत,” तो भरल्या तोंडानं म्हणाला. “ज्या घरी जावं तिथं पानात अंडं. मी नको म्हणतो. ऐकतच नाहीत.”

“मला नाही वाढत कुणी.”

“काय?”

“अंडं. या दारांवर मागून खाता खाता म्हातारा झालो. भाकर मिळते, कधी कालवण मिळतं. अंडं नाही मिळालं कधी… फकिराला कोण भितं?”

निरंजन हसला. मग त्याचं हसू हळूहळू गेलं. तरी त्यानं दुसरं अंडं हातात घेतलं.

गुलाबशा पुढं वाकला. लहान पोराचा धरावा तसा त्यानं डॉक्टरचा गाल दोन बोटांत धरला.

“पहिल्यांदा आलास तेव्हा काडी होतास रे. आता बरा भरलास.”



फकिरानं गाल सोडला नाही.

“अंगी लागत नाहीत, म्हणतोस?”

…

निरंजननं हातातल्या अंड्याकडं पाहिलं. वर्षभरातली सगळी घरं त्याच्या डोळ्यांपुढं आली. पुढ्यात वाढलेलं पान, “घ्या साहेब” म्हणणारी सासू, आणि दाराच्या चौकटीला टेकून त्याच्या हाताकडं बघणारी पोटुशी सून. तिला तो लाजरी समजला होता. तिची नजर त्याच्या हातातल्या अंड्यावर असायची, हे त्याला आज कळलं.

“घरच्या कोंबडीचं असेल,” तो पुटपुटला.

जोमीनं मान वळवली.

“कोंबड्या रोगात गेल्या, साहेब. एक नाही राहिली.”

“मग हे?”

“माझं आहे. अंगणवाडीचं. सासू सगळी तुमच्यासाठी ठेवते.”

निरंजन उठला. हातातलं अंडं घेऊन तिच्यापाशी गेला.

“घे. खा. इथं, माझ्यासमोर.”

जोमी घाईनं मागं सरकली.

“नको. सासू बोलेल मला.”

“मी सांगतो तिला.”

“साहेबाचं पोट भरू दे, म्हणते ती. साहेब नाराज झाले तर अंडी बंद करतील, म्हणते.”

निरंजनच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. आपण शहरात काय सांगणार होतो, ते तिला सांगायचं धाडस त्याला झालं नाही. त्यानं अंडं थाळीत ठेवलं, वर फडकं झाकलं, आणि थाळी तिच्याकडं दिली. ती पाड्याकडं निघाली. ते अंडं ती वाटेत खाईल असं त्याला फार वाटत होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत तो बघत राहिला. तिनं फडकं उचललं नाही. सासूपुढं थाळी जशीच्या तशी ठेवणार, आणि वर बोलणी खाणार, हे त्याला दिसत होतं.

तो येऊन फकिरासमोर बसला.

“बाबा, मी चुकलो. उद्या सगळं उलटं मांडतो. अंडी वाईट नाहीत, ती बायांच्या पोटातच जात नाहीत, हे सांगतो. माझ्या पोटात गेली, हेही सांगतो.”

“सांग.”

“भर बैठकीत सांगतो.”

“सांग ना… मानतील?”

निरंजननं विचार केला. ती माणसं त्याला ठाऊक होती. कालपर्यंत तोही त्यांच्यातलाच होता.

“लगेच नाही मानणार. पाहणी करा म्हणतील. पथक पाठवतील.”

“इथं?”

“इथंच. घरोघर. पाठवू देत, बाबा. येऊन डोळ्यांनी बघतील.”

गुलाबशानं उरलेली भाकर फडक्यात बांधली. गाठ मारली.

“मग जाताना जोमीच्या सासूला सांगून जा. आणखी साहेब येणार आहेत, अंडी राखून ठेव म्हणावं.”