वांग वाढू नये

एका गावात ठकूबाई नावाची एक माळीण राहत होती. ओढ्याकाठच्या अर्ध्या एकरात ती वांगी लावायची, आणि तेवढ्यावरच तिची चूल पेटायची. बाई कष्टाळू, पण रागीट. तिच्या वांग्याला कुणी कडू म्हटलं, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

गावच्या जहागीरदाराला पन्नाशी उलटल्यावर गालांवर आणि पालथ्या हातांवर काळपट डाग उठले. अशा डागांना लोक वांग म्हणतात. उठणार नाहीत तर काय? स्वारी भर उन्हात बोडक्याने शिकारीला जायची. सकाळी जिलेबी, दुपारी तळलेली भजी आणि पालेभाजीला नाव काय, तर गुरांचा चारा. पण आरशात डाग दिसले तसा जहागीरदार हवालदिल झाला आणि त्याने शेजारगावच्या वैद्याकडे माणूस धाडला. वैद्याने चिठ्ठी लिहून दिली.

कारभारी चिठ्ठी वाचू लागला, "वांग वाढू नये म्हणून..."

"वांगं वाढू नये? म्हणजे पानात वांगं नको," जहागीरदार म्हणाला. "कळलं. पुढचं वाचायची गरज नाही."

कारभाऱ्याला खरा अर्थ कळला होता. पुढे जिलेबीचं नाव होतं, तेही त्याला दिसलं होतं. पण नोकरी प्यारी, म्हणून त्याने मुकाट्याने चिठ्ठीची घडी घातली. जहागीरदारालाही पुढे काय असणार याचा वास आलाच होता.

दुसऱ्याच दिवशी वैद्याच्या चिठ्ठीचा हवाला देऊन गावात दवंडी पिटली. वांगं कुणी वाढायचं नाही, कुणी लावायचं नाही. चार गडी ठकूबाईच्या रानात शिरले आणि फळांनी लगडलेली झाडं त्यांनी मुळासकट उपटली. तिने शिव्या दिल्या, गड्यांच्या हातातून झाडं ओढली, शेवटी बांधावर बसून रडली. गावाने काय केलं? आदल्या आठवड्यात तिचीच वांगी बोटं चाटत खाणारे म्हणू लागले, "असेल बाई वांग्यात काहीतरी." लाज वाटायला हवी होती.

तीन महिने गेले. ठकूबाईने घरातलं किडूकमिडूक विकून दिवस काढले. जहागीरदाराची जिलेबी चालूच होती आणि डाग कपाळापर्यंत चढले. तेव्हा त्याने नवा हुकूम काढला. दोष ठकूबाईच्या मातीतच आहे, ते रान जप्त करा.

हे ऐकलं आणि ठकूबाई तडक कचेरीत जाऊन उभी राहिली. निम्मा गाव मागे गोळा झाला.

"सरकार, ती चिठ्ठी वाचून दावा," ती म्हणाली.

"तुला काय कळणार त्यातलं?"

"मला वाचता येत न्हाई, म्हणून तर ऐकाया आलेय. माझं पीक त्या चिठ्ठीनं खाल्लं, आता रान खातीया. तिच्यात काय लिवलंय ते मी शेवटापातुर ऐकणार. त्याबिगर हितनं हलायची न्हाई."

एवढ्या लोकांसमोर नाही म्हणता येईना. कारभाऱ्याने चिठ्ठी काढली आणि खाली मान घालून वाचली.

"वांग वाढू नये म्हणून रोज पालेभाजी खावी. आवळा, पेरू, गाजर खावे. गोड आणि तळण आवरावे. उन्हात निघताना तोंड आणि हात झाकावे. आलेले डाग वयाचे आहेत, ते खाण्याने पुसले जाणार नाहीत. नवे थोडे लांबवता आले तर पाहावे. वांग्याची भाजीही खुशाल खावी, मात्र तेल कमी घालावे."



जहागीरदार चाचरत म्हणाला, "ऐकण्यात चूक झाली, बाई. रान तुझंच राहील. उद्या नवी रोपं पाठवतो."

ठकूबाई रागाने म्हणाली, "चूक पहिल्या ओळीत झाली, सरकार. म्होरल्या ओळी तुमी जाणून ऐकल्या न्हाईत. आज रोप लावलं, तर फळ धरायला दोन-अडीच महिनं लागत्यात. तवर मी काय खावं, हे कुठल्या चिठ्ठीत लिवलंय?"

वांगी हाती येईपर्यंत जहागीरदाराच्या कोठारातून तिला धान्य गेलं. तिने ते घेतलं, पण त्याला माफ केलं नाही, आणि तिचं काहीच चुकलं नाही. जहागीरदार पुढे नाक मुरडत का होईना, मेथी खाऊ लागला. नवे डाग फारसे आले नाहीत, जुने मात्र मरेपर्यंत राहिले.

तात्पर्य: आपल्या जिभेला सोसेल तेवढाच सल्ला ऐकणारा स्वतःचं नुकसान करतोच, पण त्याच्या हाती सत्ता असली तर त्याच्या पथ्यापायी दुसऱ्याला उपाशी राहावं लागतं.