डोकं काढलेली गाडी

"तावरेबाईंच्या गाडीचं डोकंच काढलंय म्हणे, आता ती..." जिन्यात वॉचमन कुणाला तरी सांगत होता. पुढचं शकुताईंना ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनीच ते पुरं केलं: गाडी गेली! त्यांच्या पोटातली आग जरा विझली. शेजारची रोहिणी तावरे त्या जुन्या गाडीतून माहेरी निघाली, की शकुताई खिडकीत उभ्या राहून जळायच्या.

बातमी त्यांनी लगेच सोसायटीच्या चेअरमनांच्या, दाभाडेसाहेबांच्या कानावर घातली. गाडीच्या सावलीतल्या जागेवर साहेबांचा डोळा होताच. ते सगळ्यांदेखत रोहिणीला म्हणाले, "बंद गाडीला आवारात जागा नाही. भंगारात घाला. तिथं माझी नवी गाडी लागेल."

"साहेब, धूर पांढरा यायला लागला, ऑइलचं ताक झालं, तेव्हा कळलं की हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग, गेलंय," रोहिणी शांतपणे म्हणाली. "ते बदलायला इंजिनाचं डोकं उतरवावंच लागतं. मागे तुमचा मोतीबिंदू काढला, डोळ्याला पट्टी होती, तेव्हा तुमची खुर्ची कुणी मागितली का?"

जमलेले सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं शकुताईच हसल्या.

रविवारी गाडी सुरू झाली, पांढऱ्या धुराचा मागमूस नाही. "शकुताई, चला, गणपतीला जाऊन येऊ!" रोहिणीनं हाक मारली. शकुताई पुढच्याच सीटवर बसल्या. डोकं काढलं होतं हे खरं, 'गाडी गेली' ही मात्र त्यांच्याच मनातली भर. सीट इतकी मऊ होती, की पोटात पुन्हा जळायला लागलं.