तीस शून्यं

"पण बाई, गेला म्हणजे गेलाच ना?"

यशोधन ठोसरनं कागद टेबलावर सरकवला. त्यावर तीस डिशांचे आकडे. तीसही शून्यं.

"कोण गेला?" बाईंनी मान वर केली नाही.

"विषाणू."

"कुठे?"

यशोधनला हसू आलं. टेकडीमागच्या त्या प्रयोगशाळेत पद्मावती केळुसकर बाईंनी चाळीस वर्षं विषाणूंच्या एकाच घराण्याचा पिच्छा पुरवला होता. कांजिण्या, नागीण, ओठावर फुटणारा ताप, तान्ह्या बाळांच्या मेंदूची सूज... सगळी त्या एका गोतावळ्याची करणी. आणि अशी बाई विचारते, कुठे गेला!

"मेला, बाई. नव्या औषधानं मेला."

"प्रेत पाहिलंस?"

...

पोरगा हुशार होता, उगाच नाही म्हणू नये. उंदराच्या चेतापेशी त्यानं डिशांमध्ये वाढवल्या, त्यांना विषाणू लावला, वर औषध घातलं आणि सात दिवस मोजत बसला. विषाणू जागा असला की पेशींच्या थराला भोकं पाडतो. यशोधनच्या एकाही डिशेत भोक नव्हतं.

शोधनिबंधाला मथळाही देऊन झाला होता : 'विषाणूचा समूळ नाश'. शुक्रवारी निबंध गेला तर परदेशातली जागा त्याचीच होती. फक्त बाईंची सही हवी होती.

हुशारीला एक वाईट खोड असते. हवं ते दिसलं की ती डोळे मिटून घेते.

"औषध आत असताना मोजलंस?"

"हो. सातही दिवस."

"दारात फौजदार बसवलास, आणि चोर फिरकला नाही म्हणून चोर मेला म्हणतोस?"

"सगळे असंच मोजतात, बाई."

"मग सगळ्यांच्या सह्या आण."

यशोधनचे कान तापले. बाईंच्या तोंडावर मास्क होता, अंगावर शाल, आवाज घोगरा. दोन दिवस अंगात ताप होता त्यांच्या. त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"डिशा आहेत, की फेकल्यास?"

"सत्तावीस वाफेत निर्जंतुक करून टाकून दिल्या. शून्य आल्यावर ठेवून करायचं काय? तीन राहिल्यात."

"त्यांतलं औषध धुऊन काढ. त्रेचाळीस अंशांवर तीन तास ठेव, त्यांनाही ताप चढू दे, मग नेहमीच्या उबेत. शेजारी विषाणू न लावलेल्या तीन कोऱ्या डिशाही ठेव."

"आणि मग?"

"मग बस."

"किती दिवस?"

बाई पुन्हा वाचू लागल्या.

...

शुक्रवार आला नि गेला. परदेशातली जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली.

यशोधन बाईंशी बोलेना. कॅन्टीनमध्ये मात्र बोलला, "म्हातारीला निवृत्तीनंतरही खुर्ची सुटत नाही."

असली वाक्यं चहा निवायच्या आत पोचतात. बाईंनी निरोप धाडला : खुर्ची मोडकी आहे, हवी तर घेऊन जा.

रोज सकाळी तो डिशा बघायचा. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या दिवशीही काही नाही. पाचव्या दिवशी तो मनाशी म्हणाला, उद्या हा कागद बाईंच्या तोंडावर टाकतो.

सहाव्या दिवशी तो सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ उठलाच नाही.

दुसऱ्या डिशेत एक भोक होतं. त्याच्या कडेनं पेशी फुगलेल्या, द्राक्षांच्या घडासारख्या एकमेकींना चिकटलेल्या.

तो बाईंच्या खोलीत आला. बसला नाही.

"एक आहे."

"कोऱ्या डिशा?"

"स्वच्छ आहेत."

"हं."

...

"तुम्हांला कसं कळलं, बाई?"

बाईंनी मास्क खाली ओढला.

ओठाच्या डाव्या कोपऱ्यात पुळ्यांचा झुबका होता. काही फुटलेल्या, काहींवर खपली धरलेली.

"पाच वर्षांची होते. आईच्या ओठावर ताप फुटला होता. मी रडत होते, म्हणून तिनं तसाच मुका घेतला."

...

"आईला जाऊन सत्तेचाळीस वर्षं झाली. तिनं दिलेला हा मात्र अजून ताप चढला की जागा होतो."

हळूहळू यशोधनच्या कपाळाला आठी पडली.

"बाई... माझ्या डिशांना तुम्ही हात लावला नव्हता ना?"

बाई हसल्या. ओठ ताणला तशी कळ आली, तरी हसल्या.

"नाही लावला. आत्ता कुठे शिकायला लागलास."

यशोधननं पेन काढलं. मथळ्यातला 'समूळ नाश' खोडला. एका शून्यावर काट मारून शेजारी एक लिहिला. पुढे हात चालेना. एकोणतीस शून्यं त्याच्याकडे बघत होती, आणि त्यांतल्या सत्तावीस डिशा तर त्यानं आपल्याच हातानं वाफेत घातल्या होत्या.

"मग शून्य लिहायचं तरी कधी, बाई?"

बाईंनी मास्क वर ओढला.

"मी गेल्यावर. आणि तेव्हाही आधी बघून घे."