आतून धुवायची नाही

शके अठराशे सत्तावन्न, मार्गशीर्ष महिना. थंडी कडक होती. एका संस्थानी गावात एक वृद्ध गृहस्थ राहत. सरदार घराण्यांतल्या स्त्रिया आरशापुढे ठेवीत त्या पैलूदार काचेच्या, चांदीच्या झाकणाच्या जुन्या बरण्या जमवण्याचा त्यांना नाद होता. गाव त्यांना तात्या म्हणे. त्या वर्षी एक तरुण शिष्य पारख शिकायला त्यांच्याकडे येऊन राहिला.

पहिल्याच दिवशी तात्यांनी कपाट उघडले आणि मधल्या फळीवरच्या बरणीकडे बोट केले. "ही बाहेरून पूस. आतून धुवायची नाही."

साऱ्या कपाटात तीच देखणी होती. तळाशी मात्र मेण सुकून तपकिरी झाले होते. कुंकू लावण्याआधी बायका कपाळाला लावतात, ते मेण.

एके दिवशी तात्या देवळात गेले असता एक व्यापारी आला. तीच देखणी बरणी उजेडात धरून हसला. "अरे, पारख शिकतोस आणि हा राप दिसत नाही तुला? साफ असती तर मागाल ती किंमत दिली असती. परवा येतो मी."

शिष्याच्या मनाला ते लागले. त्याने गरम पाणी आणि रिठा घेऊन बरणी धुतली. काच लखलखली. गुरू प्रसन्न होतील, असे त्याला वाटले.

दुसऱ्या दिवशी अंबू आली. वरच्या आळीतली, लेकुरवाळी. ती दारात दिसताच तात्यांनी ती बरणी काढली आणि सवयीने, न पाहताच तिच्या हाती दिली. तिने झाकण फिरवले, डोळे मिटले, बरणी नाकाशी नेली. लगेच डोळे उघडले.

"काका, रिठ्याचा वास येतोय."

तात्यांनी शिष्याकडे पाहिले. शिष्याने मान खाली घातली. अंबूने बरणी जपून खाली ठेवली.

"दर वर्षी आईच्या तिथीला येत होते. आता यायला नको," एवढेच म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी व्यापारी ठरल्याप्रमाणे आला. बरणी पाहून खूश झाला, पैसे मोजून पुढे ठेवले. तात्यांनी ते मागे सारले. बरणी पंच्यात गुंडाळून शिष्याच्या हाती दिली. "अंबूच्या घरी पोचव. तिच्याकडून काही घेऊ नकोस."

"फुकट? तात्या, थंडी डोक्यात गेली की काय!" व्यापारी उठून गेला.

शिष्याला राहवले नाही. "तात्या, राप होता तेव्हा जपलीत. आता मोल आलं, तर देऊन टाकता?"

तात्या म्हणाले, "आई गेली तेव्हा अंबू पाळण्यात होती. आईचा चेहरा तिला आठवत नाही. बापाने दुसरं लग्न केलं आणि ही बरणी मला विकली. मी चांदीचं वजन करून पैसे दिले, काचेचे दिले. आत तिच्या आईचं मेण होतं, केवडा घातलेलं. त्यात आईच्या बोटाचा खळगा होता. त्याचे पैसे बापाने मागितले नाहीत, मी दिले नाहीत. ते अंबूचं माझ्याकडे राहिलं होतं. आता ते गेलं. फेडायला काच आणि चांदी तेवढी उरली."

"मला आधी सांगायचं होतंत."

"धुवायची नाही, हे सांगितलं होतं. का, हे विचारायला तुला तोंड होतं."

शिष्य वरच्या आळीत गेला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "ताई, मी धुतली."

"कळलंच होतं. काका या बरणीला आतून कधी हात लावत नाहीत."

तिने पंचा सोडला. बरणी मांडीवर घेतली. मग कोनाड्यातली आपली पत्र्याची डबी काढली आणि तिच्यातले मेण बोटाने बरणीत भरले. तिची लहानगी लेक जवळ आली, बरणीत नाक घालून म्हणाली, "आई, तुझा वास येतो."

अंबूने झाकण लावले.

शिष्य माघारी फिरला. ऋण फिटले होते.