ढोलीखालच्या बिया

सह्याद्रीत माणसाची वाट पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका शेकरूला कोण काय खातं याचा अभ्यास करायचं भारी वेड होतं. धनेशाच्या मादीने अंडी उबवायला स्वतःला ढोलीत लिंपून घेतलं, की नर फटीतून तिला फळं भरवायचा. खाली पडलेल्या बिया शेकरू रोज गोळा करायचं आणि रानातल्या प्राण्यांच्या सभेत सांगायचं, "आज उंबर, जांभूळ." सगळे माना डोलवायचे.

एके दिवशी नराला गरुडाने उचललं. खाली बी पडेना.

फटीतून चोच बाहेर आली. "शेकरूभाऊ, पिसं झडल्याने मला उडता येत नाही, आणि पिल्लं भुकेने कासावीस झालीत. शेजारच्या फांदीवरची चार उंबरं आणून द्या हो."

शेकरूचा जीव कळवळला. त्याने उंबर तोडलंही, पण मग ते थबकलं. "वहिनी, मी भरवलं तर तुम्ही काय खाता ते कसं कळायचं? सगळा अभ्यास नासेल माझा."

हळूहळू हाका बारीक झाल्या. मग चोच आत गेली, ती पुन्हा आलीच नाही.

शेकरू सभेत म्हणालं, "धनेशाचं कुटुंब हल्ली काहीच खात नाही."

कुणीच मान डोलवली नाही. तेव्हा कुठे शेकरूचं लक्ष स्वतःच्या हाताकडे गेलं. तोडलेलं उंबर मुठीतच नासलं होतं.