उतारावर हात सोडते

पायांनी अधू असलेल्या अनुसयेला सेवा मंडळाने मोटारसायकलची तीनचाकी करून, हारबीर घालून दान दिली होती. वेग उतरला की गाडीचं हँडल थरथरायचं. मंडळाच्या तशाच गाडीवरून पडून तिची मैत्रीण शेवंता गेली. अनुसया हँडल थरथरतं अशी तक्रार घेऊन मंडळात आली, तर मंडळाचे अध्यक्ष फोटोसाठी गाडीवर तिच्याच मागे बसले आणि हसत म्हणाले, “गाडी ठणठणीत आहे. थरथरतात ते तुझे हात.”

अनुसयेने गाडी सुरू केली. “मग उतारावर हात सोडते, साहेब. म्हणजे थरथर थांबेल. बसून राहा.”

अध्यक्ष घाईघाईने उतरले आणि मंडळाच्या मेकॅनिकवर खेकसले, “सगळ्या गाड्यांच्या हँडलची बेअरिंगं आजच्या आज बदल.”

अनुसयेने गाडी बंद केली. “बेअरिंगचं नाव मी काढलंच नव्हतं, साहेब. म्हणजे शेवंता गेली तेव्हाही तुम्हाला ठाऊक होतं.”