रिबकाबाईच्या हातची भाकरी

हिवरदऱ्यात तीतमहाराजांचे पाय लागले, तेव्हा ज्वारीची खळी उरकत आली होती. महाराज मूळचे मिशनातले, रीतसर दीक्षा घेतलेले पाळक. पण बंगला, टेबलखुर्ची, सायबी टोपी यांतलं काही त्यांच्या अंगी लागलं नाही. गळ्यात वीणा, काखोटीला कापडात गुंडाळलेलं शास्त्र आणि मुखी येशूचं नाव, असे ते गोदाकाठच्या गावांतून कीर्तनं करत हिंडायचे. ख्रिस्ती मंडळी त्यांना बुवा म्हणत, बाकीचं गाव महाराज म्हणे. आपणही महाराजच म्हणू. त्यांना दोन्हींचं सारखंच होतं.

या गावाच्या कडेला, ओढ्याच्या अलीकडे, रिबकाबाई राहायची. बाई कोण, ते आधी सांगतो. नवरा ऐन उमेदीत गेला, पदरी काही नव्हतं, तेव्हा धाकटा दीर ओबेद याच्या नादाने तिने ओढ्यात हातभट्टी लावली. दारूबंदीचा काळ तो. भट्टी अशी चालली की पंचक्रोशीतले गडी संध्याकाळ झाली की ओढ्याची वाट धरायचे. त्यांची घरं बसली आणि रिबकाबाईचं उभं राहिलं. एके दिवशी एक बाई तिच्या दारात आली, काखेतलं तान्हं लेकरू उंबऱ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "ह्याच्या दुधाचा पैका तुझ्या मडक्यात गेला. आता तूच पाज ह्याला." एवढं बोलून ती खाली बसून रडायला लागली. रिबकाबाईने त्याच दुपारी स्वतःच्या हाताने भट्टीची मडकी फोडली, आणि पुन्हा काही ती ओढ्यात उतरली नाही.

भट्टी गेली, पण हाताचा वास गेला नाही. आंबलेल्या रसायनाचा तो उग्र वास तिच्या बोटांत मुरून बसला होता. तिने राखेने हात घासले, रिठ्याने घासले, चिंच चोळली, वाळूने खरवडून कातडी सोलली. काही केल्या वास हटेना. कुणी तिच्या हातचं पाणी घेईना. मंडळीने तिला प्रभुभोजनातून केव्हाच काढलं होतं. दर रविवारी ती देवळाच्या मागच्या भिंतीला टेकून बाहेर बसायची आणि खिडकीतून येईल तेवढं ऐकायची. भाकर मोडून वाटायची वेळ झाली की उठून घरी जायची, कारण ते तिला ऐकवत नसे.

आता दुसरा माणूस. मंडळीचे मुख्य पंच गमलिएलअण्णा. गावातलं एकुलतं एक किराणा दुकान त्यांचं. अण्णांनी आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घातला नाही, हे अगदी खरं, आणि ते स्वतःच दिवसातून दोनदा सांगायचे. रिबकाबाई वाटेत दिसली की खिशातला अत्तराचा रुमाल नाकाला लावायचे आणि मोठ्याने म्हणायचे, "भट्टी आली रे, भट्टी!" पोरं हसायची. नाकाने कांदे सोलण्यात अण्णांचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. बाकी त्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भट्टीला लागणाऱ्या काळ्या गुळाच्या ढेपी आणि नवसागराची पोती कुणासाठी रचलेली असत, हे शेंबडं पोरही जाणून होतं. पण पंचाला विचारणार कोण? अण्णांचं म्हणणं, आपण गूळ विकतो, गिऱ्हाईक त्याचं काय करतं ते देव बघून घेईल.

तर महाराज गावात आले. अण्णांनी पाटरांगोळी करून ठेवली होती, आणि महाराज गेले ते थेट ओढ्याकडे. रिबकाबाईच्या ओट्यावर बसून त्यांनी पाणी मागितलं. ती दारातच थबकली. हाताला वास आहे, माझ्या हातचं कुणी पीत नाही, असं तिने खाली मान घालून सांगितलं. महाराजांनी ओंजळ पुढे केली आणि पोटभर पाणी प्याले. कितीतरी दिवसांनी कुणी तिच्या हातचं पाणी प्यालं होतं. तिला रडू आवरेना. मग मनात साठलेलं सगळं तिने महाराजांपुढे ओतलं आणि शेवटी पदर पसरला.

"महाराज, एवढी प्रार्थना करा. हाताचा वास गेला पायजे. वास गेला की मी देवळात येईन, प्रभूच्या पाया पडंन."

महाराज म्हणाले, "बाई, लेकरू चिखलात पडलं तर माय काय म्हणते? आधी आंघोळ करून ये, मग उचलते, असं म्हणते का?"

"न्हाई. लुगड्याला लागला तरी उचलती."

"मग प्रभूला तू मायेहून हलका का समजतेस? तू आधी ये. धुणं त्याचं काम आहे. त्याने त्यासाठी आपलं रक्त दिलंय, रिठे नाही मागितले."

त्या मंडळीत जुनी रीत होती. प्रभुभोजनाची भाकर एका घरून यायची. घरच्या बाईने ताजं दळायचं, रविवारी सकाळी भाजायची आणि पांढऱ्या फडक्यात आणायची. मान बहुतेक अण्णांच्या घराकडेच जायचा. त्या दिवशीच्या कीर्तनात महाराजांनी सांगून टाकलं, की येत्या रविवारची भाकर रिबकाबाईच्या हातची.

गावात एकच गलका उडाला. अण्णा तर ताडकन उभे राहिले. त्यांनी महाराजांना शास्त्र शिकवलं, मंडळीचे नियम ऐकवले, आणि अखेरीस निर्वाणीचं सांगितलं, की त्या भाकरीला दारूचा वास आला तर आपण मंडळी उठवून बाहेर नेऊ आणि त्या बाईला भिंतीबाहेरही बसू देणार नाही. महाराजांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बरं म्हणाले.

रिबकाबाईने हे ऐकलं. बाहेरची का होईना, तेवढी एक भिंत तिची होती. तीही जाणार, आणि वर तिच्यापायी महाराजांचा शब्द खाली पडणार! पण तिने ज्वारी काढली. खळ्यावरचे दाणे वेचून आणलेली ती ज्वारी. एकेक खडा निवडून, शनिवारी दिवस कलताना तिने ती जात्यावर दळली, आणि दळताना कितीतरी वर्षांनी ओव्या म्हटल्या. महाराज त्या दिवशी पलीकडच्या वस्तीवर एका आजाऱ्यापाशी प्रार्थनेला गेले होते.

ओबेद आला तो झिंगलेला. भट्टी मोडल्याचा राग त्याच्या मनात धुमसत होताच. तो आता दुसऱ्या गावच्या भट्टीचा माल रबरी फुग्यात भरून विकायचा. वहिनी देवाची भाकर करणार हे ऐकून त्याचं डोकं फिरलं होतं. तो तिला टाकून बोलला, हसला, आणि ती आडवी यायच्या आत त्याने फुग्याचं तोंड सोडून सगळी दारू परातीतल्या पिठावर रिकामी केली.

"कर आता भाकर," म्हणाला, "सवय हाये तुझ्या हाताला." आणि निघून गेला.

रिबकाबाई परातीपुढे बसून राहिली. घरात दुसरा दाणा नव्हता. शेजारणी दार उघडणार नव्हत्या. दुकान एकच, ते अण्णांचं. घरभर तोच वास कोंदला, जो घालवायला तिने हात सोलून घेतले होते. पीठ कोंबड्यांना टाकावं आणि पहाटे गाव सोडून जावं, असं तिने ठरवलं. परात उचलून दाराशी आलीही. तिथे तिला महाराजांचं बोलणं आठवलं आणि पाय उंबऱ्यातच अडले. आधी ये, म्हणाले होते. चांगलं पीठ असलं तर ये, असं काही म्हणाले नव्हते. तिने परात खाली ठेवली, पीठ फडक्यावर पसरलं आणि गुडघे टेकले.

"प्रभू, माझ्यापाशी एवढंच हाये. नासलेलं हाये. पण दुसरं न्हाई."

सकाळी पीठ सुकलं होतं, पण वास होताच. असं भिजून सुकलेल्या पिठाची विरी जाते, भाकर थापली की चिरते, हे कुठल्याही बाईला विचारा. रिबकाबाई डोळे पुसत थापायला बसली. भाकर चिरली नाही. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, निखाऱ्याला लावली, तर टम्म फुगली. तरी तिचा जीव काही थाऱ्यावर आला नाही, कारण स्वतःच्या नाकाला तिला वास येतच होता.

देवळाच्या दारात महाराज उभे होते. तिने फडकं छातीशी धरून, कुणाला ऐकू जाणार नाही असं सांगितलं, की पिठात दारू सांडली आहे. महाराज तिच्याकडे पाहतच राहिले. त्यांचे डोळे भरून आले.

"मला सांगितलंस, बरं केलंस," महाराज म्हणाले. "आता आत चल."

बायकांच्या बाजूला शेवटच्या सतरंजीवर ती अंग चोरून बसली. अण्णा पुढे, हातात रुमाल तयार. महाराजांनी उपकार मानून फडकं सोडलं, भाकर मोडली. रिबकाबाईने डोळे गच्च मिटले. आता नाकं दाबतील, आता उठतील, म्हणून ती वाट बघत राहिली. कुणी उठेना. देवळात वास सुटला होता तो ताज्या, खरपूस भाकरीचा. एका म्हातारीने घास घेतला आणि शेजारणीला सांगू लागली, की आईच्या हातची भाकर अशीच लागायची. रिबकाबाईने भीत भीत आपली बोटं नाकापाशी नेली. बोटांना पिठाचा वास येत होता, नुसता पिठाचा. प्रभू, तुझी करणी!

आता शहाणी माणसं म्हणतील, तव्यावर दारू उडून जाते, त्यात नवल ते काय. उडत असेल बुवा. पण मग पुढचं ऐका.

अण्णांच्या हातात तुकडा आला. त्यांनी तो नाकापाशी नेला आणि ओरडले, "वास! दारूचा वास येतोय!" माणसांनी आपापले तुकडे हुंगून पाहिले आणि एकमेकांकडे बघू लागली. कुणाला काही येईना. अण्णांनी तणतणत आपला तुकडा शेजारच्याला दिला. त्याने तो हुंगला, डोळे मिटून खाल्ला आणि मान डोलावली. भाकर गेली तरी अण्णांना वास येतच होता. त्यांनी बोटं हुंगली, मग रुमालाने पुसली, आणि रुमाल हुंगल्यावर तो हातातून टाकून दिला. घाईघाईने बाहेर जाऊन रांजणातल्या पाण्याने ते हात धुवायला लागले. धुतात आणि हुंगतात, पुन्हा माती लावून धुतात आणि हुंगतात. रिबकाबाईला दारातून ते दिसत होतं. तिला ते बघवेना, कारण असेच हात कोण धूत होतं, हे तिला ठाऊक होतं.

महाराज उठून बाहेर गेले. अण्णा म्हणाले, "महाराज, मी थेंब शिवलो नाही कधी. तुम्हाला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," महाराज म्हणाले.

अण्णांनी पुन्हा एकदा हात नाकापाशी नेला. आणि मग तो भरदार माणूस रांजणाजवळ मटकन खाली बसला. "हा दारूचा वास नाही हो," ते म्हणाले, "हा माझ्या मागच्या खोलीचा वास आहे. काळा गूळ आणि नवसागर. तिच्या मडक्यात माझाच माल शिजत होता." मंडळी दारात गोळा झाली होती. अण्णांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की मडकी तिने फोडली, पण माझी खोली अजून भरलेली आहे, आणि मी तिला भट्टी म्हणून हाका मारत होतो. मग ते महाराजांपुढे हात जोडून म्हणाले, की तुम्ही आत जा. मी ती खोली ओढ्यात रिकामी करतो, हे हात स्वच्छ करतो, आणि मग अंगाला वास राहिला नाही तरच देवळात पाऊल टाकतो.

महाराज उत्तर देणार होते. पण त्यांच्या मागून रिबकाबाई पुढे आली. ताटात भाकरीचा शेवटचा तुकडा उरला होता, तो तिच्या हातात होता. या माणसाशी ती आजवर कधी बोलली नव्हती.

"अण्णा," ती म्हणाली, "धुऊन धुऊन माझे हात सोलले. त्यानं जात न्हाई ओ. खोली उद्या रिकामी करा. आज असंच आत चला."

अण्णांनी आपले ओले, मातीने भरलेले हात पुढे केले. तिने तुकडा त्या हातांवर ठेवला. अण्णा तिच्या पायांवर वाकायला गेले, तशी ती बिचारी पाच हात मागे सरली. ते महाराजांकडे वळले, तर महाराजांनी दोन्ही खांदे धरून त्यांना उठवलं आणि आतल्या प्रभुभोजनाच्या मेजाकडे बोट केलं. म्हणाले, "इथे सगळे प्रभूनेच उचललेले आहेत, गमलिएलराव. तिकडे वाका."

देवळाच्या उंबऱ्यावर, साऱ्या गावादेखत, गमलिएलअण्णांनी कपाळ टेकलं. कितीतरी वेळ ते उठले नाहीत. मग डोळे पुसून आत आले, पुढच्या आपल्या जागेकडे गेले नाहीत, दाराशीच भिंतीला टेकून बसले आणि तुकडा तोंडात घातला. रिबकाबाईने हळूच विचारलं, "वास येतोय का अजून?"

"येतोय," अण्णा म्हणाले, आणि पोरासारखे रडत भाकर चावत राहिले.